कार्डावरचं धड

आत्याला शिसारी पुष्कळ गोष्टींची यायची. ओला चमचा साखरेच्या डब्यात घालणाऱ्यांची, बोलता बोलता समोरच्याच्या खांद्यावर हात टाकणाऱ्यांची, अर्धं काम तसंच सोडून चहाला पळणाऱ्यांची. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे तिला वचकून असत. पण त्या शनिवारी सकाळी भाच्याच्या केबिनमध्ये बसल्यावर तिला जी शिसारी आली, ती या कुठल्याच यादीत बसणारी नव्हती. समोरच्या माणसाला तिनं मांडीवर घेऊन भरवलं होतं, आणि आता त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

भाचा टोस्टला लोणी लावत होता. अगदी कडेपर्यंत, कोपरा न कोपरा भरून. परवा, गुरुवारी संध्याकाळी, त्यांच्या कारखान्यात विणलेल्या जाळ्यात पाच वर्षांची एक मुलगी मान अडकून लटकली होती, आणि हा गृहस्थ लोण्याचे कोपरे भरत होता.

"आत्या, खाऊन घे थोडं," तो म्हणाला. "दहाला बागखात्याचे साहेब यायचेत. उपाशीपोटी माणूस भलतंच बोलून बसतो."

"काय बोलायचं ते तूच सांगणार आहेस ना? मग पोट भरलेलं असलं काय नि नसलं काय."

त्यानं टोस्टचा घास घेतला आणि हसला. ओठाला लोणी लागलं होतं ते त्यानं जिभेनं पुसलं. आत्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

कारखाना तिच्या थोरल्या भावानं काढलेला. मुलांच्या बागांमध्ये चढायची जाळी असतात ना, ती इथं बनत. मधे उंच पोलादी खांब, त्याच्या टोकापासून चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ताणलेले दोर आणि त्यांच्यात गुंफलेले आडवे दोर. कारखान्यात या सगळ्याला 'डोंगर' म्हणायचे. दोर हाताला मऊ लागे, रंगही छान. पण प्रत्येक पदराच्या पोटात पोलादी तारा. कात्री लावाल तर कात्रीच मोडेल. दोन दोर एकमेकांना ओलांडत तिथं अ‍ॅल्युमिनियमचा गोळा यंत्रात दाबून बसवत, म्हणजे कितीही पोरं नाचली तरी जाळी सरकायची नाही. भाऊ गेला, त्यालाही आता सात वर्षं झाली. कारखाना त्याच्या मुलाकडे आला आणि तपासणी मात्र आत्याकडेच राहिली, कारण ती करायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

तपासणीच्या दोन वस्तू होत्या. एक काठीच्या टोकाला बसवलेला लाकडी ठोकळा, नऊ सेंटिमीटर जाड आणि सोळा रुंद. त्याचं नाव धड. दुसरी तेवीस सेंटिमीटरची गोल जाड तबकडी. तिचं नाव डोकं. जाळीतल्या एकूण एक भोकात आधी धड घालून बघायचं, मग डोकं. लहान मूल भोकातून शिरतं ते बहुतेक पायांकडून. पाय जातात, कंबर जाते, छाती जाते, आणि एवढं सगळं गेल्यावर डोकं जायलाच हवं. ते अडलं तर मूल हनुवटीवर लटकतं आणि त्याचं स्वतःचंच वजन त्याला खाली ओढत राहतं. भोक इतकं लहान की धडही जात नाही, तर काही बिघडत नाही. इतकं मोठं की डोकंही जातं, तरी बिघडत नाही. मधलं भोक मात्र वाईट.

या दोन वस्तूंवरून तीस वर्षं तेच विनोद चालत. आत्या आली की कुणीतरी म्हणायचंच, "आत्या, आज डोकं घरी विसरलात वाटतं." त्यावर आत्या म्हणायची, "तू तर कायमचंच विसरलायस, तुला कोण विचारतंय?" आणि कामाला लागायची.

तर भावानं कार्ड भरायची एक पद्धत घालून दिली होती. कार्डावर भोकाचा नंबर आणि त्यापुढे एकच शब्द: शेवटी जे पार गेलं ते. 'डोकं' लिहिलं म्हणजे उत्तम. 'काही नाही' म्हणजेही उत्तम. आणि 'धड' लिहिलं म्हणजे काम थांबवा, कुणालाही वर चढू देऊ नका. बाहेरच्या माणसाला हे उलटंच वाटणार. बाहेर धड म्हणजे नीट, जिथल्या तिथं, शाबूत. कारखान्यात मात्र तो शब्द चांगल्या अर्थानं कुणी तोंडातून काढत नसे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवत. भाचा तर शाळेत जायच्या आधीच शिकला होता. खेळण्यातल्या मोटारीचं चाक निखळलं की मोटार घेऊन तो आत्याकडे यायचा आणि रडत सांगायचा, "आत्या, ही धड झाली."

यंदा चार बागांसाठी चार डोंगर होते, एकसारखे. पहिला उभा राहिला तेव्हा भाचा माहितीपत्रकासाठी फोटो काढायला गेला. फोटोत जाळी जरा सैल दिसली. सुरकुतल्यासारखी दिसते म्हणाला, आणि लंबूला, म्हणजे थोरल्या फिटरला, त्यानं सांगितलं की खालच्या ताणाच्या पेचांना तीन-तीन आटे जादा दे. लंबूनं दिले. दोर ताणले गेले, फोटो झकास आला आणि खालून तिसऱ्या ओळीत कोपऱ्यांतली चार भोकं आवळली गेली. दुसऱ्या दिवशी आत्या तिथं गेली. धड गेलं. डोकं गेलं नाही. तिनं तबकडी तिरकी करून पाहिली, दाबून पाहिली, मग कार्डावर चार वेळा एकच शब्द लिहिला: धड, धड, धड, धड.

कार्ड तिनं भाच्याच्या टेबलावर ठेवलं. भाचा जागेवर नव्हता. तिला गुडघ्याच्या उपचारासाठी पंधरा दिवसांची रजा मिळाली होती आणि बस सुटायला वीस मिनिटं होती. ती निघाली. तोंडानं कुणाशी एक शब्द बोलली नाही. इतकी वर्षं कार्डावरच्या शब्दानं काम थांबत आलं होतं, तेव्हा याही वेळी थांबेल असं तिनं गृहीत धरलं. ही तिची चूक होती आणि गुरुवारपासून ती स्वतःला त्यावरून खात होती.

काम थांबलं नाही. रविवारी बाग उघडली. पुढच्या दोन-तीन दिवसांत बाकीचे तीन डोंगरही उघडले, तेवढेच ताणलेले, कारण लंबूला वाटलं, आता असंच करायचं असतं.

शुक्रवारी रजा अर्धी टाकून आत्या परतली ती थेट बागेच्या माळ्याला भेटायला गेली. मुलीला त्यानंच खालून उचलून धरलं होतं. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. अग्निशमनवाले येऊन त्यांच्या मोठ्या कात्रीनं दोर तोडेपर्यंत पंचवीस मिनिटं तो मुलीला खांद्यावर तोलून उभा होता. मुलगी वाचली होती. दवाखान्यात होती, गळ्याभोवती काळानिळा पट्टा, आवाज बसलेला. माळ्याचा उजवा हात अजून वर जात नव्हता.

"ती पाय झाडत होती तोवर बरं होतं हो," तो म्हणाला. "बूट माझ्या छातीवर लागत होते. मधे एकदा थांबले. तेव्हा मी फार घाबरलो."

"आणि बाकीची माणसं?"

"होती ना, पुष्कळ होती. फोन धरून उभी होती. एक जण मला म्हणाला, जरा डावीकडे सरका, तिचा चेहरा येत नाहीये."

हे सांगताना माळ्याला राग आला नव्हता. आत्याला मात्र त्यानं दिलेला चहा संपवता आला नाही.

आता हे सगळं पोटात घेऊन ती भाच्यासमोर बसली होती. त्यानं बशी बाजूला सारली आणि तिचं कार्ड पुढे केलं.

"हे तुझंच अक्षर ना? धड लिहिलंयस, चार वेळा. मी वाचलं, म्हटलं सगळं धड आहे, सोडली जाळी. यात माझं काय चुकलं?"

"तुला धडचा अर्थ माहीत नव्हता?"

"कुठल्याही शब्दकोशात बघ, आत्या."

"मी शब्दकोशाला नाही विचारत. तुला विचारतेय."

 तो कागदी रुमाल घेऊन एकेक बोट पुसू लागला. रुमालाला कसलासा गोड वास होता, साबणात फुलं कुजवल्यासारखा, आणि तो वास टेबल ओलांडून तिच्यापर्यंत आला.

"तुला कोण काय करणारे?" तो हळू आवाजात म्हणाला. "वय झालं, गुडघा दुखत होता, जायची घाई होती. डोकं जात नाही असं लिहायचं ते राहिलं, भलताच शब्द पडला. साहेब समज देतील आणि विषय संपेल. माझ्यावर आलं तर कारखाना बंद होईल. बाबांचा कारखाना."

बाबांचं नाव त्यानं बरोबर जागेवर काढलं. आत्याला वाटलं, उठावं आणि याच्या एक ठेवून द्यावी. पण तिच्या मनात दुसरंच घोळत होतं.

"बाकीच्या तीन डोंगरांचं काय?"

"बघू ना."

"बघू काय? आज शनिवार आहे. दुपारी तिथं पोरांची जत्रा भरेल."

"आत्ता पेचांच्या चाव्या घेऊन माणसं पाठवली तर आपणच कबुली दिल्यासारखं होईल."

"अरे, तीन आटे. तीन आटे सैल करायचेत फक्त. अर्ध्या तासाचं काम."

"साहेब गेले की करू." तो पुढे वाकला. "तू मी म्हणतो तसं सांगितलंस, तर बाराच्या आत तिन्ही बंद. शब्द देतो. आणि नाही सांगितलंस, तर मग वकील आले, आणि वकील म्हणणार, आहे तसं राहू दे, कशाला हात लावू नका. महिना जाईल, दोन महिने जातील. मग मला बोल लावू नकोस."

हे तो धमकी दिल्यासारखं बोलला नाही. हवा कशी आहे ते सांगावं तसं बोलला. आत्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहरा तोच होता, भावाचं नाक, भावाच्या भुवया, आणि आत भलताच कुणी येऊन बसला होता.

ती उठून खाली गेली. लंबू यंत्रापाशी उभा होता. यंत्र बंदच होतं.

"पेचांच्या चाव्या दे," ती म्हणाली. ताणाच्या पेचांवर झाकणं असत आणि त्यांना खास चावी लागे, नाहीतर बागेतली पोरंच ते फिरवत बसली असती.

"मालकांनी कपाटात ठेवल्यात काल. कुलूप लावलंय."

"एखादी जादा असेल."

"नाही आत्या." त्यानं मान खाली घातली आणि स्वच्छ पुसलेलं टेबल फडक्यानं पुन्हा पुसायला घेतलं. घरी दोन लहान मुलं असलेला माणूस हा.  त्याला बोलून काय उपयोग, त्यानंही शेपूट घातलं होतं, आणि टेबल पुसणाऱ्या त्या हाताचीही तिला किळस आली.

जिन्यात तिनं हिशेब मांडला. एका बाजूला आपलं नाव, दुसऱ्या बाजूला तीन बागांतली बारा भोकं. नाव गेलं तर जाऊ दे, चौसष्टाव्या वर्षी त्याचं काय लोणचं घालायचंय? ती वर आली आणि म्हणाली, "सांगते."

साहेब घामेजलेले आले. चेहरा भला होता, पण हातातलं पेन सारखं टकटक वाजवायची सवय होती. त्यांनी कार्ड पाहिलं, फाइल पाहिली.

"मावशी, या धडचा अर्थ काय?"

"धड म्हणजे नीट," आत्या म्हणाली. "ठीक आहे, असा."

"पण ती भोकं तर ठीक नव्हती."

"चुकलं माझं. घाईत होते. नीट बघितलं नाही."

आपलाच आवाज तिला परका लागला. भिडेखातर गोड बोलणाऱ्या म्हातारीचा आवाज. साहेबांनी मान डोलावली, "होतं असं, वयोमानानं होतं," म्हणाले आणि जबाब लिहून तिच्यापुढे सरकवला. तिनं सही केली. भाच्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"रागावू नका हो तिच्यावर," तो साहेबांना म्हणाला. "आत्या म्हणजे आमच्या कारखान्याचं डोकं. आता डोकंच चाललं नाही एक दिवस, त्याला काय करणार."

आणि तो हसला. साहेबही हसले. आत्याला वाटलं, हा खांदा घरी नेऊन घासून घासून धुवावा.

साहेब गेल्यावर तिनं विचारलं, "माणसं निघाली?"

"निघाली, निघाली. तू घरी जाऊन पड जरा."

ती घरी गेली. अंघोळ केली, एकदा केलेली असताना परत केली. ताटात वाढून घेतलं आणि झाकून ठेवलं. चार वाजता तिला राहवेना. सगळ्यात जवळची बाग दोन थांब्यांवर होती. पायांत चपला सरकवून ती निघाली.

डोंगरावर मुंग्यांसारखी पोरं होती. साखळी नाही, 'बंद'ची पाटी नाही, लंबू नाही. फाटकाशी रखवालदार खुर्ची टाकून मोबाइल बघत होता. आत्या तिसऱ्या ओळीच्या कोपऱ्यापाशी गेली. मोजायला डोक्याची गरज नव्हती, नुसत्या नजरेला दिसत होतं. तिनं वर तोंड करून सांगितलं, "उतरा खाली सगळी. हे जाळं बरोबर नाही. मान अडकेल." दोन मुलींनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या आणखी वर चढल्या.

रखवालदार उठून आला. आत्यानं त्याला समजावलं: धड, डोकं, तीन आटे, सगळं. भला माणूस असावा, त्यानं ऐकून घेतलं आणि डोंगरावरच्या कारखान्याच्या पाटीवरच्या नंबरावर फोन लावला. बोलताना तो तिच्याकडे बघत होता आणि हळूहळू त्याचा चेहरा बदलत गेला. फोन ठेवून तो एकदम गोड आवाजात म्हणाला, "आजी, घरी कोण असतं तुमच्या? सोडायला येऊ का?"

"काय सांगितलं त्यांनी?"

"काही नाही हो. तुमच्या हातून काहीतरी चूक झाली होती, लेखी दिलंयत म्हणे तुम्ही. ते डोक्यात बसलंय तुमच्या. होतं असं."

पुन्हा तेच. होतं असं. आत्यानं साहेबांना फोन लावला. सकाळी मी खोटं बोलले, असं तिनं सरळ सांगितलं. पलीकडून बराच वेळ पेन वाजलं.

"मावशी, सकाळी तुम्ही एक सांगता, आता दुसरं. मी कुठलं खरं धरू?"

"माझं कुठलंच धरू नका. येऊन भोक मोजा."

"सोमवारी अर्ज द्या," साहेब म्हणाले. "आता कचेरी बंद झाली."

तिनं फोन पिशवीत टाकला. तेव्हा तिला कळलं की सकाळी आपण नुसतं नाव नाही घालवलं. आपलं तोंडच देऊन आलोय. यापुढे काहीही सांगितलं तरी ती जबाब दिलेली, वयोमानानं चुकणारी म्हातारीच बोलणार. भाच्यानं शब्द पाळला नाही तो नाहीच, वर तिचा शब्दही खाऊन बसला. आणि हे आपणच सही करून त्याच्या ताटात वाढलं. तिला स्वतःचीच किळस आली.

तेवढ्यात तिच्या डोळ्यांसमोर, कोपऱ्यातल्या त्याच भोकात, दोन पिवळे बूट आत गेले. तीन-चार वर्षांची मुलगी दोरावर पोट टेकून, पाठमोरी, आत उतरू पाहत होती. गुडघे गेले. कंबर गेली. आत्यानं गुडघ्याचं दुखणं विसरून झेप घेतली, तिला काखेत धरलं आणि बाहेर ओढलं.

मुलगी रडली. तिची आई बाकावरून धावत आली.

"माझ्या मुलीला हात लावायचं काम नाही," ती म्हणाली.

"अहो, ती अडकली असती."

"तुम्हाला सांगितलं कुणी? रोज खेळते ती." असं म्हणत तिनं मुलीला खाली उतरवलं, पर्समधून ओला रुमाल काढला आणि आत्याचे हात लागले होते तिथं, दोन्ही काखांपाशी, मुलीला पुसून काढलं. अगदी नीट, दोनदा. मग रुमाल चिमटीत धरून टोपलीत टाकला आणि मुलीला म्हणाली, "जा आता, खेळ."

मुलगी परत जाळीकडे निघाली.

आत्या त्या टोपलीतल्या रुमालाकडे बघत राहिली. मान अडकेल म्हणून सांगितलं तर ही बाई जराही हलली नाही. म्हातारीचा हात लागला तर दोनदा पुसून काढलं. रखवालदार तिचं कोपर धरायला पुढे येत होता.

आत्या वळली, कोपऱ्यातल्या त्या भोकाशी गेली आणि त्याच्या वरच्या दोरावर थुंकली.

आयुष्यात ती कधी रस्त्यातही थुंकली नव्हती. पहिल्यांदा नीट जमलं नाही, थोडं तिच्याच हनुवटीवर आलं. दुसऱ्यांदा जमलं. मग ती जाळीला हात लावत दुसऱ्या कोपऱ्याकडे गेली आणि तिथंही थुंकली. तिसऱ्या कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत मागे आरडाओरडा सुरू झाला होता.

"शी! अहो, काय करताय?"

"उतर खाली! आधी खाली उतर तू!"

"हात नको लावूस कशाला. तोंडात घालू नकोस. इकडे ये."

जिथं तिचं बोलणं दहा मिनिटांत एकही पोर उतरवू शकलं नव्हतं, तिथं दोन मिनिटांत डोंगर रिकामा झाला. वरच्या टोकाला बसलेली मुलंसुद्धा चुपचाप खाली आली. आयांनी त्यांचे हात पुसले, बूट पुसले, पिवळ्या बूटवालीला तर आईनं कडेवर उचलून थेट फाटक गाठलं. कुणीतरी फोन धरून उभं होतं. आत्या त्याच्याकडे बघून चौथ्या कोपऱ्यावर थुंकली. तोंडात धातूची चव आली होती, पण ती थांबली नाही.

रखवालदार तिच्याजवळ आला नाही. तो खोलीत जाऊन लाल-पांढरी पट्टी घेऊन आला आणि लांबूनच डोंगराभोवती गुंडाळू लागला. मग त्यानं एक पाटी लटकवली: स्वच्छतेसाठी बंद.

"कधी उघडणार?" आत्यानं विचारलं.

"आता सोमवारी सफाईवाले येतील तेव्हा. तोवर कोण हात लावतंय याला." तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. "तुम्ही जा आजी. खरंच जा."

बसमध्ये तिच्या शेजारची जागा मोकळी होती आणि बस भरली तरी ती मोकळीच राहिली. आपल्या हनुवटीवर काही आहे का म्हणून तिनं ओढणीनं तोंड पुसलं. तेवढ्यात फोन वाजला. भाचा होता.

"आत्या, काय चालवलंयस तू? मला लोक व्हिडिओ पाठवताहेत. मागे आपली पाटी दिसतेय. अगं, पोरांच्या जाळ्यावर थुंकतेस? शी, आत्या. मला सांगायलाही लाज वाटते."

दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला कशाची तरी लाज वाटली होती. आत्या खिडकीबाहेर बघत ऐकत राहिली.

"दोन राहिल्यात," ती म्हणाली.

"कुठेयस तू? ऐक, तू आहेस तिथंच थांब. मी करतो बंद. दोन्ही करतो, आत्ता लंबूला पाठवतो चावी घेऊन."

"सकाळीही हेच म्हणाला होतास."

"या वेळी खरंच करतो. देवाशप्पथ. आत्या? आत्या, त्या बागेत मोठ्या लोकांची पोरं येतात गं, प्लीज."

तिनं फोन बंद केला. लंबू कदाचित निघालाही असेल. कदाचित नसेल. दुसऱ्या बागेचा थांबा आला तेव्हा ती उतरली. फाटकाच्या आतून पोरांचा कल्ला ऐकू येत होता. तिचं तोंड आता पार कोरडं पडलं होतं, जीभ टाळूला चिकटत होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिनं पाण्याची बाटली घेतली, झाकण काढलं, एक घोट गिळला, दुसरा तोंडातच धरला आणि फाटकातून आत गेली.